‘इंजिन काम निघालंय’ म्हणतात? खोलू देण्याआधी घरी एवढं तपासा

मे महिन्यात माझा मामेभाऊ पुण्याहून साताऱ्याला येत होता. खंबाटकी घाटात ट्रकच्या रांगेमागे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत होती, आत एसी चालू होता. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेलाय हे त्याच्या लक्षात आलं तोवर बॉनेटमधून वाफ येत होती. अर्धा तास थांबून, दोन बाटल्या पाणी ओतून त्याने गाडी परत चालू केली. मिस मारत (एखाद्या सिलिंडरमध्ये जळण नीट न होता), थरथरत, मागे पांढरा धूर सोडत ती कशीबशी घाटमाथ्याला पोचली आणि बसली. तिथून टो करून जवळच्या एका गॅरेजात. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि निकाल सांगून टाकला, “फुल इंजिन काम. बोअर, पिस्टन, सगळं.” (बोअर म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, जिच्यात पिस्टन वर-खाली होतो.)

पाच मिनिटांत. एकही पाना न लावता.

तो बरोबर असेलही, पण तेवढ्यावरून ते कुणालाच कळत नाही. आम्ही गाडी उचलून साताऱ्याला घराच्या पार्किंगमध्ये आणली आणि दोन संध्याकाळी तिच्यावर घालवल्या. त्यात जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. मी मेकॅनिक नाही. स्वतःच्या जुन्या गाड्यांवर हात काळे करत शिकलेला माणूस आहे. समोर धरलंय ते आपल्याकडचं नेहमीचं चार सिलिंडरचं, १.२ लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन. डिझेलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

पहिली गोष्ट: सेल्फ मारू नका

गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो. इंजिनाच्या आत काही मोडलं असेल तर प्रत्येक सेल्फ म्हणजे खर्चात भर. तीन प्रसंगी तर चावीला हातच लावायचा नाही.

तेलाच्या झारीचा लाल दिवा चालताना लागला असेल तर. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब नसेल तर क्रँकच्या (पिस्टन जो मुख्य दांडा फिरवतात त्याच्या) बेअरिंगला तेलाचा थर मिळत नाही आणि मिनिटभरात धातूवर धातू घासायला लागतो. ‘घर दोनच किलोमीटरवर आहे’ हा विचार इथे फार महाग पडतो.

चालता चालता इंजिन अचानक बंद पडलं आणि सेल्फ मारल्यावर नेहमीचा ‘घर्र-घर्र’ असा अडखळता आवाज न येता शिलाई मशिनसारखा हलका, एकसुरी आवाज आला तर. टायमिंग बेल्ट किंवा चेन (वॉल्व्हची, म्हणजे झडपांची, उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी) तुटल्याची ही खूण. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी उघडे राहिलेले वॉल्व्ह पिस्टनला धडकतात. अजून वाकायचे राहिले असतील तर ते तुमच्या पुढच्या सेल्फने वाकतील.

आणि गाडी पाण्यात बंद पडली असेल तर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईकरांना हा धडा पक्का मिळाला. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं की पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, गाडीवर पाण्याची रेघ कुठवर आलीय त्याचे फोटो काढायचे आणि विमा कंपनीला कळवायचं. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला जाऊन झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

लागणारं सामान

प्लग पाना, तुमच्या गाडीच्या मापाचा. नव्या इंजिनांना बहुधा १४ किंवा १६ मिलिमीटरचा लागतो. गोटी पान्यांचा साधा सेट, लांब एक्स्टेंशनसह. टॉर्च, जुनी पांढरी सुती फडकी, लोहचुंबक, लांब स्क्रूड्रायव्हर. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) मात्र विकत घ्या किंवा कुणाकडून आणा, कारण या लेखातली सगळ्यात मोलाची चाचणी त्याच्यावरच आहे. दाबून धरायच्या रबरी टोकाचा गेज घेऊ नका. प्लगच्या भोकात आटे बसवून फिट होणारा घ्या. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) असला तर बरं. आणि वही-पेन. वहीला मी सामानात धरतो, कारण ‘बहुतेक दीडशेच्या आसपास होतं’ या आठवणीला पुढे काडीचीही किंमत नसते.

काळजी थोडक्यात: तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सुटताच ते उसळून तोंडावर येतं. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून ओढणी, सैल बाही, गळ्यातलं लोंबणारं काही नको. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही. कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचं थंड ठेवणारं द्रव) जमिनीवर सांडला तर लगेच धुवा. तो गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात, आणि तो विषारी आहे.

गाडी थंड असताना

गाडी सपाट जागेवर, रात्रभर उभी. आता डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून काढा. पातळी बघायची, पण त्याहून रंग आणि वास महत्त्वाचा. काळं ऑइल म्हणजे वाईट ऑइल असं नाही. डिझेलमध्ये तर नवं ऑइल दोन दिवसांत काळं होतं. घाबरायचं ते दुधाळ रंगाला. चहात साय ढवळल्यासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय. पातळी खुणेच्या वर गेलीय आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय, तर न जळलेलं पेट्रोल पिस्टनभोवतीच्या रिंगांवरून खाली उतरतंय.

इथे एक गफलत नेहमी होते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसला की लोक ‘हेड पॅकिंग गेलं’ म्हणून धावतात. (हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, पॅकिंग म्हणजे त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं सील.) पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत हा फेस हमखास साचतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि आतली वाफ झाकणाला थंड होऊन बसते. डिपस्टिक स्वच्छ आणि कूलंट कमी होत नसेल तर झाकण पुसा आणि गाडी एकदा तासभर हायवेला फिरवून आणा.

मग रेडिएटरचं झाकण, म्हणजे थंड आहे याची खात्री केल्यावर. पातळी किती उतरलीय? वर तेलकट तवंग आहे? पाणी गंजासारखं तांबडं झालंय? मामेभावाच्या गाडीत जवळजवळ दीड लिटर पाणी कमी होतं. डिपस्टिक मात्र अगदी स्वच्छ निघाली. त्यावरून तो खूश झाला, पण ऑइल स्वच्छ असण्याचा अर्थ एवढाच की पाणी ऑइलमध्ये जात नाहीये. ते सिलिंडरमध्ये जात असेल तर डिपस्टिकला त्याचा पत्ता नसतो.

इंजिन जाम आहे की बॅटरी?

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक्’ होऊन काही हललं नाही की ‘इंजिन सीझ’ असं सहज म्हटलं जातं. आधी बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करा, दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून बघा. मगच इंजिनाकडे वळा. सगळे प्लग काढा (पाण्यात गेलेल्या गाडीला तर हे आधी करावंच लागतं), गाडी न्यूट्रलला ठेवा आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर गोटी पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवा. बहुतेक इंजिनांत ती घड्याळाच्या काट्यांची दिशा असते. मॅन्युअलमध्ये बघून घ्या. प्लग काढलेलं इंजिन सहज फिरतं. कुठे टणक अडलं तर जोर लावू नका. दोन फेऱ्यांत एकाच जागी अडत असेल तर आत वाकलेला रॉड, धडकलेला वॉल्व्ह नाहीतर अडकलेला तुकडा आहे. तिथेच थांबा, पुढचं काम गॅरेजचं.

चालू करून बघणं: धूर

इंजिन फिरतंय, ऑइल आहे, रेडिएटरमध्ये तात्पुरतं साधं पाणी भरलंय, तरच चालू करा. तेही थोडाच वेळ. एकजण गाडीत, एकजण सायलेन्सरमागे. आतल्याची नजर तेलाच्या दिव्यावर आणि तापमानाच्या काट्यावर.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो कधी येतो त्यावरून जागा ओळखता येते. सकाळी पहिल्या सेल्फला भपकन येऊन मिनिटभरात थांबला तर वॉल्व्हचे सील कडक झालेत. रात्रभरात वरून ऑइल ठिबकून खाली साचतं. घाट उतरताना बराच वेळ पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो आणि मग रेस दिली की मागे निळा लोट येतो, तोही वॉल्व्हच्या गाईड-सीलचाच. चढावर, लोडवर सतत येत असेल तर संशय रिंगांवर. गाडीला टर्बो असेल तर टर्बोचा सील गेला तरी निळाच धूर येतो, तेव्हा आधी टर्बोच्या पाइपमध्ये ऑइल किती आहे ते बघा. उगाच रिंग-पिस्टन उतरवायला नको.

काळा धूर म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय. एअर फिल्टर, सेन्सर, इंधन फवारणारा इंजेक्टर. आतलं इंजिन बहुधा निर्दोष.

पांढऱ्याची गंमत अशी की थंडीतल्या सकाळी प्रत्येक गाडी पांढरी वाफ सोडते आणि सायलेन्सरमधून पाणीही ठिबकतं. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच. पाच-दहा मिनिटांनी ती वाफ थांबायला हवी. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, हवेत रेंगाळला, त्याला गोडसर वास असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातोय. मामेभावाच्या गाडीचं हेच होतं. वास मात्र आला नाही, कारण घाटात त्याने बाटलीतलं पाणी ओतलं होतं आणि त्याआधी दोन वर्षं कूलंटऐवजी नळाचंच पाणी घालत होता. (त्यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही.)

गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून ठेवून मग इंजिन चालू केलं आणि आत बघितलं. पहिल्या मिनिटापासून बुडबुडे, एकसारखे, रेस दिली की वाढणारे. एवढ्या थंड पाण्याला उकळी फुटणं शक्य नाही. म्हणजे हे जळलेले वायू होते. पाणी भरल्यानंतर सुरुवातीला थोडी अडकलेली हवा निघते, ती थांबते. हे थांबत नव्हतं. खात्री करायची तर निळ्या रसायनाचं तपासणी किट मिळतं. रेडिएटरच्या तोंडावर ते धरून वरची हवा त्यातून ओढायची. जळलेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने निळं पाणी पिवळं पडतं.

ऑइलचं झाकण सैल करून भोकावर नुसतं ठेवा. जागच्या जागी थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि भोकातून आगगाडीच्या धुरांड्यासारखे लोट येत असतील तर दाब रिंगांवरून खाली गळतोय. डिझेलला थोडे फुत्कार असतातच. पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनात साचलेले वायू बाहेर सोडणारी झडप) चोंदला तरी असंच दिसतं, आणि तो वॉल्व्ह बदलणं अगदी स्वस्त असतं, म्हणून आधी तो काढून साफ करा.

आवाज

नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माझीही झाली. दुसऱ्या हातची पहिली गाडी घेतली तेव्हा आलेल्या खरखरीला एका गॅरेजवाल्याने ‘क्रँकचं बेअरिंग’ ठरवलं होतं. शेवटी निघाली बेल्टच्या टेन्शनरची पुली.

म्हणून आधी बाहेरचे चोर पकडा. मॅन्युअल गाडीत क्लच दाबल्यावर आवाज गेला किंवा बदलला तर तो क्लच-गिअरबॉक्सकडचा. एसी बंद-चालू करून बघा. मग बाहेरचा रिब असलेला बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा; आवाज गायब झाला तर अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर किंवा पुली. अर्ध्या मिनिटाच्या वर नको, कारण अनेक गाड्यांत पाण्याचा पंप याच बेल्टवर असतो. आणि टायमिंग बेल्टला मात्र हात लावायचा नाही, तो वेगळा.

राहिलेला आवाज इंजिनाचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा. डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. वर, हेडच्या झाकणावर बारीक, भराभर ‘टिक टिक टिक’ जोरात असेल तर टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह दाबणारे भाग. तो आवाज क्रँकच्या निम्म्या गतीने येतो म्हणून जरा हलका, वरच्या पट्टीतला वाटतो. थंड इंजिनात पोकळ ‘टप टप’ असून तापल्यावर मावळला तर पिस्टन बोअरमध्ये हलतोय. जुन्या गाड्या असा आवाज करत वर्षानुवर्षं चालतात, लगेच हात घालायची गरज नाही.

भीती धरायची ती खालून, ऑइलच्या चेंबरकडून येणाऱ्या जड ‘ठक ठक’ला. दारावर मुठीने ठोठावल्यासारखा. दोन-अडीच हजार आरपीएमला नेऊन पाय सोडला की क्षणभर ‘टरर्र’ होतं. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज. कुठल्या सिलिंडरचा ते शोधायला इंजिन बंद करून एका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं, चालू करून दहा सेकंद ऐकायचं, बंद करून परत लावायचं, मग पुढचं. ज्याचं काढल्यावर ठोका मंदावतो, तिथला रॉड. हे चालू इंजिनावर वायरी उपसून करू नका. जुन्या पद्धतीने चालू इंजिनावर प्लगची वायर ओढणारे उस्ताद अजून दिसतात. झटका तर बसतोच, वर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

असा ठोका नक्की ऐकू आला तर तपासणी इथेच संपली. कॉम्प्रेशन बघण्यातही अर्थ नाही. गाडी उचलूनच न्यायची, चालवत नाही.

याच इंजेक्टरच्या खेळातून मिस मारणारा सिलिंडरही सापडतो: ज्याचं कनेक्टर काढून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला. आमच्या गाडीत दोन आणि तीन नंबरला फरक पडला नाही. स्कॅनरवर पी०३०२ आणि पी०३०३ हेच कोड होते, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण कोड एवढंच सांगतो की तिथे जळण नीट होत नाही. प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी), इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे तो सांगत नाही. दोन नंबरची कॉइल एकला लावून बघा. मिस एकला सरकलं तर कॉइल खराब आणि तुमचं नशीब चांगलं. आमचं सरकलं नाही.

प्लग बाहेर

इंजिन हाताला सोसवेल इतकं कोमट होऊ द्या. कडक तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग उपसले तर आटे सोबत येतात. भोकाभोवतीची धूळ आधी फुंकून काढा. प्लग काढले की १ ते ४ असे क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा.

तांबूस-करडा, कोरडा: छान. काळी कोरडी काजळी: पेट्रोल जास्त. काळा, ओला, चिकट: ऑइल वर येतंय. आणि एखादा बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ, घासून धुतल्यासारखा चकचकीत असेल तर त्या सिलिंडरमध्ये वाफ खेळतेय. आमचा तीन नंबरचा प्लग नवा घेतल्यासारखा दिसत होता. बाजूच्याला दोन वर्षांची काजळी.

फोनला लागणारा बारीक कॅमेरा असेल तर भोकातून आत बघा. बोअरच्या भिंतीवर बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या तर बोअर चांगला आहे, कारखान्यात केलेलं होनिंग अजून शिल्लक आहे. उभे खोल ओरखडे दिसले तर बोअर खरंच गेलंय. कॅमेऱ्याने काढलेला हा एक फोटो ‘बोअर करावं लागेल’ या वाक्याला थेट उत्तर असतं.

कॉम्प्रेशन: आकडे कागदावर

आता मुख्य काम. घाई करू नका. चुकीच्या पद्धतीने घेतलेले आकडे नसलेल्या आकड्यांपेक्षा वाईट.

आधी पेट्रोल बंद करा: इंजिन चालत असेल तर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा आणि ते आपोआप बंद पडू द्या. सगळ्या कॉइलची कनेक्टर काढा. उघड्या भोकांशी पेट्रोलची फवार आणि ठिणगी एकत्र आली तर आग लागते, म्हणून ही पायरी गाळायची नाही. चारही प्लग बाहेरच. बॅटरी पूर्ण चार्ज. गेज एक नंबरच्या भोकात हाताने आटे बसवत घट्ट करा, पाना लागत नाही. आतल्याने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, नाहीतर हवाच आत येत नाही आणि चारही आकडे कमी दिसतात. सेल्फ मारा, गेजचा काटा पाच-सहा उड्या मारू दे, आकडा लिहा. गेजचा दाब सोडा, पुढचा सिलिंडर. प्रत्येकाला उड्या तेवढ्याच.

निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय (दाबाचं माप) येतं; नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पण आकड्यापेक्षा आपसांतला फरक बोलका. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत १०-१५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, २५ च्या पुढे गेला तर आत नक्की बिघाड. महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी गेजला दोष देऊ नये. सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचा दाबच मुंबईपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, चारही आकडे त्याच प्रमाणात कमी येणार.

आमचे आकडे: एक १७८, दोन ९२, तीन ८५, चार १७४.

आता ओली चाचणी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाका, इंजिन दोन-चार फेरे फिरवून परत आकडा घ्या. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. आकडा चांगला वर चढला, समजा ११० चा १५५ झाला, तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. ढिम्म हलला नाही तर दाब वरून जातोय: वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत आणि ऑइलने हलत नाहीत, तर त्या दोघांमधलं पॅकिंग जळालंय असंच समजायचं. चारही शून्याच्या आसपास असतील तर टायमिंग. चारही सारखेच थोडे कमी असतील तर आधी बॅटरी आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबणारा पाय तपासा, मग वयाला दोष द्या.

आमच्याकडे दोनमध्ये ऑइल टाकून ९५ झालं, तीनमध्ये ८५ चं ८८. म्हणजे रिंगा शाबूत.

डिझेलवाल्यांनी हा गेज लावू नये. तिथे दाब साधारण ३५० ते ४५० पीएसआय असतो, पेट्रोलचा गेज फुटेल, आणि ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन चालू व्हायला आत तापणारा) काढताना तुटला तर नवीनच दुखणं. ही एक चाचणी गॅरेजात करून घ्या, पण आकडे लिहून मागा.

ज्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे त्यांनी एक पाऊल पुढे जावं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ती कुठून फुसफुसते ते ऐकायचं. एअर फिल्टरकडून आली तर आत घेणारा वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर बाहेरचा, ऑइलच्या भोकातून तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे तर पॅकिंग किंवा हेडला तडा. हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरतो, म्हणून पुलीवर पाना लावलेला असताना हवा सोडू नका.

ऑइलमधला चुरा

हे आम्हाला लागलं नाही, पण आवाजाचा संशय असेल तर करा. ऑइल काढताना पांढऱ्या फडक्यातून गाळा, उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. न चिकटणारी चंदेरी चमक अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन. पण बेअरिंगच्या थरांतही अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. सोनेरी-तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. काळी बारीक भुकटी ड्रेन प्लगच्या चुंबकावर थोडी असतेच. नखाने जाणवतील असे तुकडे असता कामा नयेत. ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडून बघितल्या तर आणखी कळतं. करवतीने कापाल तर तिचाच चुरा आत पडेल, आणि तोच बघून तुम्ही घाबराल.

गॅरेजात जाताना

आता तुमच्याकडे वहीचं एक पान आहे. ते दाखवा आणि सरळ विचारा: “दोन-तीनमधलं पॅकिंग गेलंय असं वाटतंय. आधी फक्त हेड उतरवू, मग बोअर मोजून ठरवू.” पॅकिंगसाठी हेड उतरवणं आणि फुल इंजिन काम यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक असतो. चांगला मेकॅनिक हे पान बघून खूश होतो. निम्मं काम झालेलं असतं. जो चिडतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नका. हेड उतरल्यावर आपण समोर हजर राहायचं, सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेड वाकलंय का ते बघायचं, फेसिंगला (हेडचा तळ घासून सपाट करायला) पाठवण्याआधी तडा तपासून घ्यायला सांगायचं आणि जुने पार्ट परत मागून घ्यायचे.

मामेभावाच्या गाडीचं हेड साताऱ्यातच दुसऱ्या गॅरेजात उतरलं. दोन आणि तीनच्या मधली पॅकिंगची चिंचोळी पट्टी जळून काळी पडली होती आणि तीन नंबरच्या कडेने पाण्याच्या वाटेपर्यंत फट गेली होती. बोअरवर तिरप्या रेघा जशाच्या तशा. हेड फेसिंग करून, नवं पॅकिंग, नवे हेड बोल्ट, नवं ऑइल आणि खरा कूलंट घालून गाडी चौथ्या दिवशी मिळाली. घरी आणून परत गेज लावला: १७६, १७३, १७५, १७४.

गाडी मुळात तापली का, हे मात्र कुणीच शोधलं नव्हतं. त्याच संध्याकाळी इंजिन चालू ठेवून आम्ही काट्याकडे बघत बसलो. काटा अर्ध्याच्या वर सरकला तरी पंखा फिरेना. फ्यूज ठीक होता, कनेक्टरपर्यंत करंट येत होता, मोटर जळालेली होती. ती बदलून मगच त्याला पुण्याला सोडला.